जुन्या घाटवाटा : नाणेघाट, खालून वर

जुन्नरहून घाटघरमार्गे घाटमाथ्यापर्यंत गाडी जाते. तिथून चार पावलं टाकली की नाणेघाट ‘बघून’ होतो. पावसाळ्यात उलटा उडणारा धबधबा, ‘नानाचा अंगठा’ या कड्यावर फोटो, मक्याचं कणीस, आणि परत. हरकत काहीच नाही. पण घाट चढण्यासाठी कोरला होता, तेव्हा तो कोकणातूनच चढावा.

कल्याण-माळशेज रस्त्यावर वैशाखरे सोडलं की वाट रानात शिरते. सुरुवातीला सोपी, मग दमवणारी. तीनेक तासांत माणूस वर पोचतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच चढणीने जुन्नरला आणि पुढे सातवाहनांच्या पैठणला जायचा. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. ओझ्याखालच्या माणसांची आणि जनावरांची तहान हिशेबात धरूनच हा मार्ग आखलेला दिसतो.

शेवटच्या नाळेच्या तोंडाशी उजेडाकडे उघडलेलं लेणं आहे. आत ना स्तूप, ना देव. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानतात. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांच्या दक्षिणा, अशी ही यादी आहे. त्यात २, ४, ६, ७, ९ या अंकांची जुनी रूपं सापडतात. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. आपल्या अंकलेखनाच्या इतिहासात हा लेख म्हणूनच मोलाचा. १८२८ साली विल्यम साइक्स इथे येऊन गेला आणि लेण्याची खबर अभ्यासकांपर्यंत पोचली. पुढे भगवानलाल इंद्रजींनी लेखाच्या वाचनावर मोठं काम केलं.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली आहेत : सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), राजा सातकर्णी, राजपुत्र, एक महारठी. खाली उरल्यात त्या फक्त पावलांच्या खुणा.

राजाचं अख्खं कुटुंब राजधानी सोडून या आडरानात कशासाठी? माझ्या मते, कारण सरळ आहे. परमुलखातला व्यापारी धापा टाकत इथवर आला की या राज्यात त्याला सर्वांत आधी दिसायला हवेत ते राज्यकर्ते. प्रत्येक तांडा इथूनच जाणार, ही पक्की खात्री होती. अशा जागेची किंमत आजच्या निवडणुकीतल्या उमेदवारालाही कळते!

नाळेतून पायऱ्या चढून वर आलं की मोठा दगडी रांजण. यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. मला ते फारसं पटत नाही. रस्त्यावरच्या उघड्या रांजणात राज्याचा महसूल कोण ठेवेल? जकात घेत असतील, पण राखणदारीचा खरा भार शेजारच्या जीवधन किल्ल्यावर आणि मागच्या चावंड, हडसर, शिवनेरी या किल्ल्यांवर.

घाट चढून आलेल्या व्यापाराचा पैसा पुढे कुठे मुरला, हे जुन्नरच्या लेण्यांत दिसतं. तिथल्या दानलेखांत यवनांचीही, म्हणजे ग्रीकांचीही नावं आहेत. पुढच्या आठवड्यात तिकडे वळू.