अंधांचे संगणक-खेळ व हाताचीं साधनें

मनुष्यास खेळाची आवड उपजतच असते. ती डोळ्यांबरोबर येत नाहीं व डोळ्यांबरोबर जातही नाहीं. तथापि संगणकावरील खेळ हे केवळ डोळसांचेच, असा समज पुष्कळांच्या मनांत रुजलेला आढळतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. सन १९९७ सालीं जपानांत ‘रिअल साऊंड: काझे नो रिग्रेट’ या नांवाचा एक खेळ निघाला. त्याची कथा सर्वस्वीं आवाजानेंच ऐकावयाची व पुढचा मार्ग निवडावयाचा अशी रचना होती. खेळण्यास चित्रांची गरजच नव्हती. केवळ ऐकून खेळावयाचे असे अनेक खेळ आज उपलब्ध आहेत. कानाची सोय याप्रमाणें झाली. परंतु हाताचें काय? खेळाडूची आज्ञा संगणकास पोंचविणारें साधन कोणतें असावें, याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं दिवाळींत घडलेली हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा जन्मांध आहे. वडिलांनीं त्याच्यासाठीं मोठ्या हौसेनें भारी किंमतीचा माऊस आणिला. त्यास सात रंगांचे दिवे होते! मुलानें तो हातांत घेऊन इकडेतिकडे फिरविला आणि विचारिलें, “बाबा, आतां बाण कोठें आहे?” वडिलांस उत्तर सुचेना. शेवटीं थोरल्या बहिणीनें माळ्यावरचा जुना कळफलक काढून पुसला व त्याच्यापुढें ठेविला. मुलाचीं बोटें क्षणभर फिरलीं व आपापल्या जागीं स्थिर झालीं. त्या रात्रीं दोघां भावंडांस जेवावयास तीन वेळां हांका माराव्या लागल्या.

वडिलांची माया खरी होती. परंतु निवड त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं केली होती. माऊस आपण किती सरकलों एवढेंच संगणकास कळवितो. बाण कोठें येऊन थांबला, हें तो हातास सांगत नाहीं. तें काम डोळ्यांचें. म्हणून अंधाच्या हातीं द्यावयाच्या साधनास तीन प्रश्न विचारावे. बोटास ओळखतां येईल असें ठाम ठिकाण त्यावर आहे काय? हात उचलला तरी त्याच ठिकाणीं बिनचूक परत येतां येतें काय? आणि आज्ञा पोंचली हें बोटास किंवा कानास कळतें काय?

या तिन्ही कसोट्यांस साधा कळफलक उतरतो. एफ व जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. उजवीकडील अंकांच्या गटांत पांचाच्या कळेवरही बहुधा तसाच उंचवटा असतो. डोळसांचें त्यांकडे लक्षही जात नाहीं. अंधाचीं बोटें मात्र तेथूनच सर्व वाटा मोजतात. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या योजनेस स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकीं एनव्हीडीए ही सन २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत सुरू झालेली योजना विनामूल्य मिळते, मराठींतही बोलते, व दाबलेलें प्रत्येक अक्षर उच्चारून दाखवूं शकते.

परंतु सर्वच कळफलक सारखे नसतात. लहान लॅपटॉपवर अंकांचा गट नसतो, बाणांच्या कळा दाटीवाटीनें बसविलेल्या असतात आणि वरच्या ओळींत मोकळी जागा न सोडल्यामुळें मोजणी चुकते. दुसरा दोष लपलेला असतो. खर्च वांचावा म्हणून कांहीं कळफलकांत तारांचें जाळें आडव्या-उभ्या ओळींत सामाईक असतें; त्यामुळें एकदम तीन कळा दाबल्या तर एखादी संगणकास कळतच नाहीं. धांवतांना वळून उडी मारावयाची, तों उडी होतच नाहीं! मूल आपलाच हात चुकला असें समजून खट्टू होतें. तेव्हां खेळांत ज्या कळा एकत्र दाबाव्या लागतात त्या विकत घेण्यापूर्वीं दाबून पाहाव्या.

कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. तिला मधली स्थिति नाहीं. जेथें कमीअधिक प्रमाण लागतें तेथें दोन्ही हातांत धरावयाचा कंट्रोलर उपयोगीं पडतो. त्याची दांडी सोडतांच स्प्रिंगमुळें मध्यावर येते, म्हणजे परतीचें ठिकाण तिला स्वभावतःच आहे. मागील खटका जितका दाबावा तितका वेग वाढतो, आणि कंप पावून तो हातास उत्तरही देतो. सन २०२३ सालीं निघालेल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या मोटार-शर्यतीच्या खेळांत वळण केव्हां येतें, गाडी रस्त्याच्या कडेस जाते काय, हें अंध खेळाडूस ध्वनींनीं कळविण्याची सोय आहे. मात्र बिनतारी कंट्रोलर जोडला गेला कीं नाहीं हें बहुधा लुकलुकणाऱ्या दिव्यानें दाखविलें जातें. तारेचा कंट्रोलर खोंचला कीं झालें. तें बोटांस समजतें. आरंभीं तोच बरा.

मोबाईलची कांच गुळगुळीत. तिच्यावर बोटानें ओळखावें असें कांहींच नाहीं. तरीही तेथें युक्ति चालते. बोट कोठें लागलें यापेक्षां तें कसें हललें यावर खेळ आधारला, तर अडचण दूर होते. सन २०१० सालीं निघालेल्या ‘पापा सांग्रे’ या अंधाराच्या खेळांत पडद्याच्या खालच्या भागीं डावेंउजवें आळीपाळीनें टिचकलें कीं पावलें पडत, आणि वरच्या भागीं बोट फिरविलें कीं वळतां येई. ज्या खेळांत नेमक्या चित्रावरच बोट ठेवावें लागतें, ते मात्र व्यर्थ होत.

‘विशेष’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंविषयींही दोन शब्द. सन २०१८ सालीं निघालेला एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर ही उत्तम वस्तु आहे. पण ज्यांच्या हातापायांची हालचाल मर्यादित आहे त्यांच्यासाठीं ती योजिली आहे. धडधाकट हातांच्या अंध मुलास तिची गरज नाहीं. उणीव कोणती हें न पाहतां दिलेली मदत ही मदत नव्हे.

तेव्हां पालकांस आमची विनंति इतकीच कीं, प्रथम कोणता खेळ खेळावयाचा तें ठरवावें, मग घरांत असलेला कळफलक वापरून पाहावा, आणि कांहीं विकत घ्यावयाचेंच तर मुलास दुकानांत बरोबर न्यावें. वस्तु त्याच्या हातीं द्यावी व त्यास घाई करूं नये. दिवे व रंग यांचें मोल त्याच्या बोटांस नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शेजारीं एखादा अंध सोबती असेल तर त्याच्यासाठीं हरूं नका. त्याच्या हातीं योग्य साधन येऊं द्या व मग मन लावून खेळा. दया दाखवून हरविलेला डाव त्यास लगेच ओळखूं येतो. बरोबरीनें खेळून जिंकलेला डाव तो जन्मभर सांगतो.