दुरुस्तीचा पुरावा

अंबाजोगाईचे सकलेश्वर मंदिर लोकांच्या तोंडी बाराखांबी म्हणूनच आहे. यादव राजा सिंघणाच्या काळातले, इ.स. १२२८ चे हे देवालय. पण पिढ्यानपिढ्या डोळ्यांसमोर राहिला तो खांबांचा मंडप, आणि नावही त्यावरूनच पडले. २०२४ च्या सुरुवातीला राज्याच्या पुरातत्त्व विभागाने या राज्य संरक्षित स्मारकाच्या आवारात उत्खनन केले, तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये उघडे पडले. आता उलट कल्पना करावी. चार वर्षे आधी कुणी भाविकतेने, आमदार निधीतून, त्या आवारात काँक्रीट ओतून वर फरशी बसवली असती, तर गावाने त्याचा सत्कारच केला असता आणि पाये कायमचे गाडले गेले असते. मराठवाड्यातल्या जुन्या वास्तूंना दुर्लक्षाइतकाच, काही ठिकाणी त्याहून अधिक, धोका हौशी दुरुस्तीचा आहे. आपली संरक्षणाची कल्पना मात्र पडझड आणि अतिक्रमण यांच्यापलीकडे फारशी जात नाही.

कायद्याची घडणही तशीच आहे. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण, अशी रेघ ठरली. शेजारच्या घरमालकाला ही रेघ जाचक वाटते, आणि त्याची तक्रार खोटी नाही: गळणारे छत बदलायलाही परवानगीसाठी खेटे घालायचे, आणि स्मारकाच्या आत मात्र सिमेंटची गोणी बिनदिक्कत जाते! टेपने अंतर मोजता येते. आतला चुना कुणी कालवला, दगड कुठल्या खाणीतून आला, कारागिराला पूर्वी असे काम माहीत होते का, हे मोजायला माणूस लागतो, आणि त्याची उणीव आहे.

सिमेंटवरचा हा राग सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल शोषते आणि चुन्याच्या दरजांतून ती बाहेर टाकते. चुना दगडापेक्षा मऊ असतो, म्हणून झीज व्हायची ती आधी दरजेची होते. दरज पुन्हा भरता येते. सिमेंटने हा क्रम उलटतो. दरज कठीण आणि बंद झाली की ओल दगडातूनच वाट काढते, तिच्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागाजवळ साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइलपेंटचेही तेच: मूर्ती दिवाळीपुरती चकचकीत दिसते, पण आतली ओल कोंडते आणि कोरीव रेषा रंगाच्या थरांखाली बुजतात. घाणीत मळलेला, भिजवून मुरवलेला चुना वेळखाऊ आहे, हे खरे. पण महाग काय ते ठरवताना सिमेंटमुळे काही वर्षांनी करावी लागणारी दुसरी दुरुस्तीही हिशेबात धरावी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप भाविकांचा आहे. देऊळ म्हणजे काही संग्रहालय नव्हे. तिथे पूजा चालते, गर्दी होते, आणि जीर्णोद्धार ही आपलीच परंपरा आहे. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्यांना कुणी परवानगीबद्दल विचारले होते का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा पहिला भाग मान्यच करायला हवा. ज्या देवळात माणसे येत नाहीत ते लवकर पडते. रांगेसाठी सावली, पिण्याचे पाणी, म्हाताऱ्यांसाठी उतार या गरजा आहेत, आणि मूळ बांधकामाला न खिळता, पुढे काढून घेता येतील अशा त्या पुरवता येतात. परंपरेच्या भागाबद्दल मात्र जरा थांबावे लागते. जुन्या कर्त्यांनी बहुतेक ठिकाणी दगडाला दगड आणि चुन्याला चुनाच जोडला. पुष्कळदा आपण काय केले तेही कोरून ठेवले. अंबाजोगाईचाच १२४० चा शिलालेख घ्या. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याची मुलगी लक्ष्मी हिने लढाईत पडलेल्या आपल्या भावाच्या, रामाच्या, स्मरणार्थ देऊळ उभारल्याचे त्यातून कळते. आज आपण संगमरवरी पाटीवर देणगीदाराचे नाव लिहितो. काय काढले, काय घातले, काढलेले दगड कुठे ठेवले, याची एक ओळही सापडत नाही. परंपरेचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा.

आणि काही वास्तूंना तर शंभर मीटरची रेघ पुरतच नाही. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातली. तिच्यात पाणी भूमिगत बोगद्यांतून येते आणि दुसऱ्या बोगद्यातून, कुठलाही उपसा न करता, उताराने शेतांकडे जाते. विहिरीचा कठडा उद्या कितीही निगुतीने बांधून काढला, तरी बोगद्यांच्या वाटेवर रस्ता रुंद झाला, पाया खणला गेला किंवा बोअर पडले, तर उरेल तो नुसता खड्डा. म्हणून तिथे दुरुस्तीची पहिली पायरी गवंडी नसून नकाशा आहे: बोगदे कुठून कसे जातात, ते कुणाच्या सातबाऱ्याखालून जातात, आणि त्या शेतकऱ्याला खणण्याआधी हे कोण सांगणार.