खर्जाची जागा

जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला पॉवर्ड सबवूफर जोडायला घेतला की पहिली अडचण मागच्या बाजूला असते. ‘सब आउट’ लिहिलेलं सॉकेटच नसतं. माझ्याही अ‍ॅम्पला ते नाही. मग डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी जिथून निघतात, त्याच टर्मिनलांतून आणखी एकेक जोडी काढून सबच्या ‘हाय लेव्हल’ इनपुटला द्यायची. अ‍ॅम्पवर बोजा पडेल अशी भीती अनेकांना वाटते. पडत नाही. सबच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प असतो आणि या इनपुटचा रोध हजारो ओहमांत, त्यामुळे प्रवाह नावापुरताच वाहतो. साधी बारीक वायरही चालते. काही नव्या डिजिटल अ‍ॅम्पांत मात्र काळं टर्मिनल ग्राउंडला जोडलेलं नसतं. तिथे माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय हात लावू नये.

दोन्ही प्लग बोर्डातून काढूनच वायर सोलायची. लालला लाल, काळ्याला काळी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नजर ठेवायची ती तांब्याच्या सुट्या तारांवर. सेंटीमीटरभर सोलून त्या घट्ट पिळाव्यात. एखादी शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अ‍ॅम्प जळू शकतो. प्लग परत लावताना दोन्ही एकाच बोर्डात. वेगवेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झची घूं शिरते. त्यावर अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्याला चहा पाजावा, ऐकू मात्र नये.

जोडणी एवढीच. पुढचा सगळा वेळ खोली खाते.

आमचा हॉल १४ फूट लांब. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटरची, आणि तिची निम्मी लांबी जवळपास १४ फूटच. फोन अ‍ॅम्पला जोडून टोन जनरेटरवर हाच सूर लावला, तर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी तो छातीवर येतो आणि हॉलच्या मध्यावर, सोफ्यापाशी, गायब होतो. तिथे बसून लेव्हल कितीही वाढवा, शेजारी ऐकतील, आपण नाही. सोफा दोन फूट मागे ओढल्यावर फरक पडला. एवढा फरक कुठल्याही महागड्या केबलने पडला नसता.

सबची जागा शोधायची रीत उलटी आहे. सब सोफ्यावर ठेवायचा, ठसठशीत बास असलेलं काही लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत कान द्यायचा. जिथे बासचा प्रत्येक सूर सारख्या वजनाने येईल, तिथे सब. घरातले हसतात. ऐन कोपऱ्यात आवाज वाढतो, पण सगळे सूर एकाच घुमण्यात बुडतात; कोपऱ्यापासून हातभर अलीकडची जागा मला मानवली.

माझे स्पीकर ६० हर्ट्झखाली दमतात, म्हणून क्रॉसओव्हर तिथे. त्याच सुरावर फेजचं बटण ० आणि १८० करून पाहिलं. ज्या बाजूला सोफ्यावर आवाज भरतो, ती ठेवली. मग पुरुष निवेदकाच्या बातम्या लावून सबला कान लावला. शब्द कळले तर क्रॉसओव्हर फार वर आहे.

लेव्हलसाठी लोक सिनेमातले स्फोट लावतात. मी तानपुरा लावतो. काळी एकचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास, तर खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. म्हणजे स्पीकर आणि सब यांच्या हद्दीजवळच. तानपुऱ्याचा जीव उपस्वरांत असतो. सब जास्त झाला की खर्ज नुसता घुमतो आणि जवारी दबते. ती पुन्हा मोकळी होईपर्यंत बटण मागे आणायचं. बहुतेकांना ही लेव्हल फार कमी वाटेल. मंडपातल्या डीजेच्या भिंतींनी आपले कान तसे घडवले आहेत. आणि १९२५मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्या लावायच्या असतील तर सब बंदच करावा. त्यांत खालचे सूर जवळजवळ उतरलेलेच नाहीत. त्याच्या वाट्याला फक्त फिरत्या तबकडीची घरघर येते.

४० हर्ट्झचा सूर पुन्हा लावून घरभर फिरलो. शोकेसची काच वाजत होती. तिच्या खाचेत कागदाची घडी सारली. मग वर जाऊन विचारलं, “काकू, तुमच्याकडे काही थरथरतंय का?”

“भांडी नाही, पण पलंग थोडा,” त्या म्हणाल्या. “रात्री नको हं लावूस.”

रात्री लेव्हल किती खाली आणायची, तिथे बटणाशेजारी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.