पाचोळ्याची पेरणी

थंड झालेल्या लाव्ह्यात झाडाला लागणारं पुष्कळ काही असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, स्फुरदसुद्धा. नसतो तो नत्र. तो हवेत अमाप असतो, पण हवेतला नत्र झाडाला जसाच्या तसा घेता येत नाही. हवाई बेटांवरचं ओहिया हे झाड अशा उपाशी जमिनीवरच जगायला शिकलेलं. लाव्ह्याच्या भेगेत त्याचं अगदी बारीक बी रुजतं, रोप वर्षानुवर्षं रेंगाळत वाढतं आणि एक दिवस लालभडक तुऱ्यांनी फुलतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज मजुरांबरोबर इथे फाया हे झाड आलं. मूळचं अटलांटिकमधल्या अझोरेस, मडेरा या बेटांवरचं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि तूर-हरभऱ्याच्या मुळांवरचे रायझोबियम जे काम करतात तेच करतात: हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. तो फायाच्या पानांत जातो, पानं गळतात, कुजतात आणि नत्र मातीत उतरतो. संशोधक पीटर व्हिटूसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की फाया घुसलेल्या काही जागी जमिनीला मिळणारा नत्र चौपट झाला होता.

चौपट! आपला शेतकरी असल्या झाडाला नमस्कार करील. आणि खरंच, फायाखालच्या मातीत ओहियाचं रोप आणून लावलं तर ते तरारून वाढतं. मग फायाच्या सावलीत ओहियाची रोपं आपली आपण का दिसत नाहीत? आडवा येतो तो त्याच गळलेल्या पानांचा पाचोळा. ओहियाच्या बारीक बीत शिदोरी असते ती किती? जाड थरावर पडलेल्या बीचं मूळ मातीला टेकण्याआधीच ती संपते. मातीला पोसणारं पान ओहियाच्या बीला मात्र त्या मातीपर्यंत पोचू देत नाही.

एवढ्यावर भागत नाही. हवाईत मुळात गांडुळंच नव्हती, ती माणसांबरोबर आली. आणि हा नत्राने भरलेला पाचोळा त्यांना इतका मानवला, की फायाखाली ती ओहियाखालच्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतात. गांडुळं आली की त्यांच्या मागावर डुकरं येतात, जमीन उकरतात. फायाची फळं खाऊन बिया दूरवर टाकतो तो जपानी चष्मेवाला हा पक्षी, आपल्या बागेतल्या चष्मेवाल्याचा भाऊबंद. त्यालाही १९२९ साली माणसांनीच तिथे नेऊन सोडलं. झाड, गांडूळ, डुक्कर, पक्षी: सगळे परके, आणि एकमेकांना किती सोयीचे!

परकी झाडं माती बदलतात ती अशी, पण आपल्या पश्चिम घाटात रानमोडी या झुडपाची तऱ्हा निराळी. ती मूळची अमेरिका खंडातली, पण हत्यार इथलंच वापरते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या खालच्या मातीत फ्युझेरियम या रोगकारक बुरशीचे बीजाणू शेजारच्या मातीपेक्षा २५ पटींहून जास्त निघाले. तिच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं ही बुरशी वाढवतात आणि इतर रोपं खुरटतात. माती निर्जंतुक केली की खुरटणं थांबतं. म्हणजे दोष मातीतल्या अन्नाचा नाही, मातीतल्या वस्तीचा.

पुन्हा हवाईकडे वळू. तिथलं फाया तोडून टाकलं तर? झाड जातं, नत्र मागे उरतो. वरून एकदम ऊन पडतं, आणि चांगली सुपीक जमीन आयती मिळाल्यावर परदेशी गवतं आणि तण माजतात. म्हणून हवाईत दुसरी रीत वापरून पाहिली गेली: खोडाची साल गोल सोलून झाड उभंच ठेवायचं आणि त्याला हळूहळू वाळू द्यायचं. सावली एकदम उठत नाही, ती थोडीथोडी विरळ होत जाते. अशा जागी तण कमी माजलं आणि स्थानिक झाडांची रोपं मूळ धरू लागली.