दिनाराचा भाव आणि सरासरीचा भार

कुवेती दिनाराचा डॉलरमधला भाव बाजारातल्या चढाओढीत ठरत नाही. सेंट्रल बँक ऑफ कुवेत तो रोज जाहीर करते आणि त्यासाठी काही निवडक चलनांची भारित सरासरी काढते. ज्या देशांशी कुवेतचा व्यापार आणि पैशाची देवघेव मोठी, त्यांची चलने या गटात असतात. १८ मार्च १९७५ पासून ही पद्धत चालू आहे. मध्ये ५ जानेवारी २००३ पासून दिनार थेट डॉलरला बांधला गेला, पण डॉलर घसरू लागला तशी आयात महाग होऊन देशात महागाई वाढली, आणि २० मे २००७ रोजी कुवेत पुन्हा चलनगटाकडे वळला. कोणत्या चलनाला किती भार द्यायचा हे बँक उघड करत नाही. डॉलरचा वाटा त्यात सर्वांत मोठा असावा, असे दिनाराच्या संथ हालचालीवरून मानले जाते.

दिनार येण्याआधी कुवेतमध्ये भारताचाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १ एप्रिल १९६१ रोजी दिनार आला तेव्हा १३ रुपये ३३ पैशांच्या आसपास एक दिनार मिळाला.

आज कुवेत शहराच्या मुर्गाब किंवा मालिया भागातल्या चलन बदलून देणाऱ्या एक्स्चेंजच्या फलकावर दिनाराचा रुपयातला जो भाव दिसतो, तो दोन भावांच्या गुणाकारातून येतो: दिनाराचे डॉलर किती, आणि डॉलरचे रुपये किती. त्यातून एक्स्चेंज आपला नफा वळता करून घेते. पहिला भाव दिवसभर जवळजवळ हलत नाही. म्हणून दिवसाच्या आतले चढउतार समजून घ्यायचे तर लक्ष डॉलर-रुपयावरच ठेवावे लागते. डॉलर ३०५ फिल्सला (हजार फिल्सचा एक दिनार) असेल तर एका दिनाराचे सुमारे ३.२८ डॉलर होतात. डॉलर १० पैशांनी वधारला की दिनार जवळपास ३३ पैशांनी वधारतो, आणि ३०० दिनार घरी पाठवणाऱ्याला ९८ रुपये जास्त मिळतात.

डॉलर-रुपयाचा आलेख उघडला की त्यावर सरासरीच्या रेषा काढता येतात. त्यांतली निवड भार कशाला द्यायचा यावर ठरते. समजा, वायदेबाजारात लागोपाठ तीन सौदे झाले: ८५.०० रुपयांना १० करार, ८५.१० ला १० आणि ८५.३० ला ८०. साधी सरासरी ८५.१३ येते. ताज्या भावाला जास्त महत्त्व देऊन १, २, ३ असे भार लावले तर ८५.१८. करारांच्या संख्येने भार दिला तर ८५.२५. शेवटची ही उलाढालभारित सरासरी. पडद्यावर ती ‘व्हीवॅप’ या नावाने असते. तिघींचे गणित बरोबर आहे, पण प्रश्न वेगळे आहेत. व्हीवॅप सांगते की आजचा बहुतेक पैसा कोणत्या भावाने फिरला. कंपन्या आणि बँका तिचा वापर आपला सौदा महाग पडला की स्वस्त हे तपासायला करतात. ताज्या भावाला झुकते माप देणाऱ्या सरासऱ्या भावाचा कल दाखवतात. त्यांत घातांकी सरासरी जास्त वापरात आहे: ९ कालखंडांची असेल तर ताज्या भावाला पाचवा हिस्सा मिळतो, २० ची असेल तर दहाव्या हिश्शाहूनही थोडा कमी. पहिली लवकर वळते आणि वारंवार फसवते. दुसरी उशिरा वळते. वेगवेगळ्या कालावधींच्या चार रेषा लावून त्या एकमेकींना दुजोरा देतात असे समजणे घातक आहे, कारण त्या सगळ्या एकाच भावांतून काढलेल्या असतात.

व्हीवॅपला चलनबाजारात एक मोठी अडचण आहे. शेअरचे सौदे शेअर बाजाराच्या नोंदीत असतात. चलनाचा हजर बाजार मात्र बँकाबँकांमध्ये विखुरलेला असतो आणि एकूण उलाढाल कोणालाच दिसत नाही. सौद्यांचे अनेक मंच मग भाव किती वेळा बदलला हे मोजून त्यालाच उलाढाल म्हणतात. शंभर डॉलरच्या आणि दहा लाख डॉलरच्या सौद्याचे वजन तिथे सारखेच. खरी उलाढाल दिसते ती वायद्यात. राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले. एक करार १,००० डॉलरचा. मात्र वायद्यामागे परकी चलनाची खरी जोखीम हवी, हा नियम रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केला. तो ३ मे २०२४ पासून लागू झाला आणि तिथली उलाढाल एकदम आटली. सौदे विरळ झाले की एखादा मोठा सौदा व्हीवॅपला आपल्याकडे ओढतो, आणि तेव्हा घातांकी सरासरी जास्त भरवशाची ठरते.

रुपयाचा अधिकृत संदर्भदरही भारित सरासरीनेच निघतो. जुलै २०१८ पासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडियाकडे आहे. सकाळी साडेअकरा ते साडेबारा या तासातली कोणतीही पंधरा मिनिटे निवडून त्यांतल्या सौद्यांवरून दर काढला जातो. नेमकी कोणती पंधरा मिनिटे हे आधी कळत नसल्याने दर वाकवणे अवघड होते. कुवेतमध्ये तेव्हा नऊ ते दहा वाजलेले असतात.

वाराचाही विचार करावा लागतो. कुवेतची सुट्टी शुक्रवार-शनिवारी, भारतीय चलनबाजाराची शनिवार-रविवारी. शुक्रवारी रुपया हलत असतो तेव्हा कुवेतच्या बँका बंद. रविवारी बँका उघडतात तेव्हा रुपयाचा भाव शुक्रवारचाच शिळा. सोमवारी व्हीवॅप कोऱ्या पाटीवर सुरू होते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात तिच्यामागे मूठभर सौदेच असतात आणि दुपारनंतर ती इतकी जड होते की नव्या हालचालीने फारशी ढळत नाही. घातांकी सरासरी शुक्रवारचे भाव सोबत घेऊन येते. सोमवारी भाव मोठ्या फरकाने उघडला तर ती कितीतरी वेळ जुन्या पातळीकडे रेंगाळते.