जाहिरात मोबाइलवर, पत बाजारात

आजचे युग जाहिरातीचे युग आहे, असे आपण वरचेवर ऐकतो. पण आमच्या वऱ्हाडात जाहिरात काही नवी नाही. अकोला-अमरावतीचा कापड व्यापारी पूर्वीही जाहिरात करीतच असे. सिनेमागृहात स्लाइड दाखवली जाई, रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवला जाई, लग्नसराईच्या तोंडावर हँडबिले वाटली जात आणि नव्या वर्षी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर दुकानाचे कॅलेंडर लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि पातूर, तेल्हारा, दर्यापूरकडच्या गिऱ्हाइकाच्याही हातात मोबाइल आला. भोंग्याची जागा मोबाइलने घेतली.

आम्ही गेली काही वर्षे अकोल्यातील आमच्या कापड दुकानाची जाहिरात मोबाइलवर करीत आहोत. त्या तजुर्ब्यातून जे कळले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जाहिरातीचा लिलाव

गूगल किंवा फेसबुकवर पैसे देऊन केलेली जाहिरात कशी चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाजार समितीत कापसाचा लिलाव आपण सर्वांनी पाहिला आहे. येथेही लिलावच होतो, फक्त तो क्षणार्धात आणि यंत्राद्वारे होतो. कोणी 'लग्नाचा बस्ता अकोला' असे शोधले की त्या एका जागेसाठी अनेक दुकानदारांची बोली लागते. मात्र सर्वांत मोठी बोली लावणाराच जिंकतो असे नाही. जाहिरात त्या गिऱ्हाइकाच्या किती कामाची आहे, हेही तोलले जाते. म्हणून सबंध महाराष्ट्राला जाहिरात दाखवणाऱ्यापेक्षा आपल्या दुकानाभोवतीचे तीस-चाळीस किलोमीटर निवडणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा पैसा सत्कारणी लागतो.

भाषेचेही तसेच आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, घरात बोली उर्दूच. पण जाहिरात आम्ही मराठीत लिहितो. बाळापूरचे, मूर्तिजापूरचे गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारते, त्याच भाषेत त्याला भाव सांगितला पाहिजे.

खर्चाचा हिसाब

समजा महिन्याला ३,००० रुपयांची जाहिरात केली. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून खर्च ३,५४० रुपये. त्यातून साठ फोन आले, बाराजण दुकानात आले आणि आठजणांनी खरेदी केली, तर एका गिऱ्हाइकामागे ४४२ रुपये ५० पैसे पडले. आठहीजणांनी एकेक ड्रेस मटेरियल घेतले आणि नगामागे दीडशे रुपये सुटले, तर हा सौदा तोट्याचा. त्यांतल्या दोघांनी लग्नाचा बस्ता बांधला तर फायद्याचा. नियमित जीएसटी भरणाऱ्याला जाहिरातीवरील कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला मिळत नाही. हा फरक वहीत मांडल्याशिवाय जाहिरात परवडते की नाही, ते कळणार नाही.

शिलाई काम करणारे, जरीकाम करणारे, अकोटकडचे सतरंजी विणणारे, गाद्या-रजया भरणारे यांनी तर आधी फुकटची साधने वापरावीत. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायला पैसे लागत नाहीत. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ पासून आहे, तेही फुकट आहे, आणि त्यात मालाची फोटोंसह यादी ठेवता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीची मर्यादा न ओलांडणाऱ्या लहान विक्रेत्याला ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांमार्फत आपल्याच राज्यात माल विकता येतो. फक्त जीएसटीच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. ज्यांच्या हातात कसब आहे पण भर बाजारात गाळा घेण्याची ऐपत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

राशीचा वरचा थर

'फोटोतला रंग अन् दुकानातला रंग एकच हाये का जी?' हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो, आणि तो रास्त आहे. दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत साधे कापडही रेशमासारखे चमकते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची बाजारातील हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. मोबाइलवरचा फोटो हा राशीचा वरचा थर आहे. म्हणून आम्ही फोटो दिवसाच्या उजेडात काढतो आणि त्याखाली पन्हा, सुताचा प्रकार, रंग जाईल की पक्का राहील, हे लिहितो. कायदाही आता याबाबत कडक आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार फसवी जाहिरात थांबवण्याचा आदेश व्यापाऱ्यालाही देता येतो आणि उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यश कशाला म्हणावे?

मोबाइलवर यशाचे आकडे फार झटपट दिसतात. इतक्यांनी पाहिले, इतक्यांनी पसंत केले. तरुण दुकानदार रात्री बारा वाजेपर्यंत तेच मोजत बसतात. पण ही जागा आपल्या मालकीची नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा ज्यांचे सारे गिऱ्हाईक टिकटॉकवर होते, त्यांची वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. भाड्याच्या गाळ्याला निदान नोटीस तरी मिळते.

आमची कसोटी याहून कठीण प्रसंगी लागली. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने आमचे मोठे भाऊ गेले. दुकान त्यांनीच उभे केले होते आणि जाहिरातीत मोबाइल नंबरही त्यांचाच होता. जाहिरात बंद केली तरी नंबर शेकडो लोकांकडे गेलेला. रोज फोन येत, 'बडे भाई हायेत का?' आम्ही सांगत असू, बडे भाई राहिले नाहीत. सुरुवातीला ते सांगताना आवाज फुटत नसे. नंबर बदलून टाका, असा सल्ला घरच्यांनी दिला. आम्ही बदलला नाही.

पुढे असे झाले की बातमी ऐकून माणसे लगेच फोन ठेवीत नसत. कोणी म्हणे, मुलीच्या लग्नात त्यांनी बस्ता उधार दिला होता. कोणी म्हणे, मापात कापड कमी भरले तेव्हा त्यांनी पोरगा पाठवून घरी पोहोचते केले होते. भावाच्या आयुष्यातले जे आम्हाला ठाऊक नव्हते, ते गिऱ्हाइकांकडून कळत गेले. जखम भरली ती या फोनवरच. जाहिरातीतून आलेले गिऱ्हाईक कपड्याचा भाव विचारून जात असे. भावाला आठवणारे गिऱ्हाईक वीस-वीस वर्षांचे होते.

अमरावतीच्या ज्या ठोक व्यापाऱ्याकडून आम्ही माल उचलतो, ते आमच्या धर्माचे नाहीत. भावाच्या नावावर त्यांची मोठी बाकी होती. सहा महिने त्यांनी तगादा लावला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दगडफेक, तोडफोड झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. त्यांचा बाजार ठप्प झाला. बाजार उघडताच आम्ही इतर देणी मागे ठेवून त्यांची रक्कम आधी पोहोचती केली.

मग १३ मे २०२३ ची रात्र आमच्या अकोल्यावर आली. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून जुने शहर भागात दंगल उसळली, एकाचा जीव गेला, इंटरनेट बंद झाले. भर लग्नसराईत दुकानांची शटरे खाली होती. ज्या मोबाइलवर आम्ही बस्त्याची जाहिरात देत होतो, त्याच मोबाइलवरून विषही पसरले होते. जाहिरात त्या दिवसांत कोणालाच दिसत नव्हती, पण साधा फोन चालू होता. त्या फोनवर पहिली चौकशी अमरावतीहून त्याच व्यापाऱ्यांची आली, आणि मग खेड्यापाड्यातून, सर्व जातिधर्मांच्या गिऱ्हाइकांची. त्या आठवड्यात गल्ल्यात एक रुपया आला नाही. तरी धंदा बुडाला असे आम्हाला वाटले नाही.

बांधवांना विनंती

जाहिरात अवश्य करा. न केल्यास नव्या गिऱ्हाइकाला तुमचे दुकान दिसणारच नाही. पण काही गोष्टी पाळा. जाहिरातीतून आलेल्या गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि नंबर कागदाच्या वहीत लिहा, म्हणजे इंटरनेट बंद पडले तरी ते तुमचेच राहील. जाहिरातीत असा नंबर द्या जो घरातले दोघेजण उचलू शकतील. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका असे कोणी सांगितले तर तो ठग समजावा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि ज्या मोबाइलवर दुकानाचे नाव आहे, त्यावरून कोणाची मने दुखावणारा मजकूर पुढे पाठवू नये. मुलांनाही तशी ताकीद द्यावी.

जाहिरात तुमची ओळख करून देते आणि तिचे बिल महिन्याला भरता येते. पत मात्र मापातून, उधारीतून आणि दिलेल्या शब्दातून वर्षानुवर्षे जमते, आणि संकटात तीच उपयोगी पडते.