हप्ता नको, टप्प्याने घ्या: मुलांच्या अभ्यासासाठी आणि थोड्या खेळासाठी स्वस्त डेस्कटॉप

इचलकरंजीत आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की साधारण दोनच पर्याय समोर येतात. एक तर कुठलातरी जुना सेट स्वस्तात उचलायचा, नाहीतर हप्त्यावर लॅपटॉप घ्यायचा. तिसरा पर्याय म्हणजे सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोडणे. लॅपटॉपचे सगळे पैसे एकदम मोजावे लागतात. डेस्कटॉप मात्र आज अर्धा घेऊन सहा महिन्यांनी वाढवता येतो. व्याज टाळू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी हा मोठाच फायदा आहे.

आधी काम ठरवा

ई-बालभारतीवर मराठीसोबत उर्दू माध्यमाचीही पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. शाळेचे प्रोजेक्ट, अकरावी-बारावीचा आयटी विषय, टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा, थोडं कोडिंग, हे सगळं मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नीट होत नाही. खेळाचं म्हणाल तर माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट किंवा जुने जीटीए यांना महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सेटिंग थोडी खाली ठेवायची, एवढंच.

प्रोसेसर: शेवटचं अक्षर बघा

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे. ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घेतला की वेगळं कार्ड लागत नाही. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ साली आलेला प्रोसेसर या कामाला चांगला आहे. सहा कोअर आहेत आणि आतलं ग्राफिक्सही हलक्या खेळांना पुरतं. इंटेलचा आय३-१२१०० अभ्यासाला उत्तम, पण त्याचं ग्राफिक्स खेळात मागे पडतं.

नावातलं अक्षर नीट वाचा. ५६००जी मधल्या ‘जी’चा अर्थ ग्राफिक्स आहे. नुसत्या ५६०० मध्ये ते नाही. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर त्यातही ग्राफिक्स नाही. असा प्रोसेसर थोडा स्वस्त दिसतो म्हणून घेतला, तर कार्ड बसवेपर्यंत स्क्रीनवर काहीच येणार नाही.

रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस

आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, ते रॅममधूनच वाटा घेतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन घ्या. दोन पट्ट्यांमुळे रॅमचा रस्ता दुहेरी होतो आणि खेळात फरक लगेच कळतो. सुरुवातीला एकच पट्टी घेतली तरी अभ्यास अडत नाही. दुसरी घेताना त्याच कंपनीची, त्याच वेगाची घ्या. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

विंडोज हार्ड डिस्कवर नको, एसएसडीवरच टाका. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरते.

एसएमपीएसवर मात्र काटकसर नको. कॅबिनेटसोबत फुकट येणारा, नाव-गाव नसलेला एसएमपीएस जळाला तर सोबत मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. माहितीच्या कंपनीचा, ‘८० प्लस’ शिक्का असलेला, ४५० वॅटचा घ्या. पुढे छोटं कार्ड लावायचं झालं तरी तो चालतो.

‘आय५ आहे’ म्हणजे नक्की कोणता?

ऑफिसातून निघालेले जुने सेट स्वस्त मिळतात आणि सगळेच वाईट नसतात. विक्रेता ‘आय५ आहे’ म्हणाला की पुढचा आकडा विचारा. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्यामुळे आठवीच्या खालचा सेट घ्यायचाच असेल तर त्यावर उबंटूसारखी मोफत लिनक्स टाकायची तयारी ठेवा. अभ्यास त्यावर होतो, व्हॅलोरंट मात्र लिनक्सवर चालत नाही.

आपल्या गावातली वीज आणि धूळ

यंत्रमागाच्या गावात सुताचे बारीक तंतू घरापर्यंत येतात. ते पंख्यात आणि हीटसिंकमध्ये अडकतात, मग मशीन तापतं आणि हळू चालतं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. पुढे जाळी असलेलं घ्या. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करा, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

विजेचंही तसंच. घरात अर्थिंग आहे का हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगमध्ये दोष असण्याची शक्यता मोठी. ६०० व्हीएचा यूपीएस असला की लाइट गेल्यावर काम सेव्ह करून मशीन बंद करता येतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याला ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का बघा. ते चालू केल्यावर कॉम्प्युटर बंद पडत नसेल, तर यूपीएसचा खर्च वाचला.

पैशांचं गणित

‘नो कॉस्ट ईएमआय’ हे नाव ऐकायला गोड आहे. पण शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच. कधी ते किमतीत लपवलेलं असतं, कधी रोखीची सूट काढून घेऊन वसूल केलं जातं. वर प्रोसेसिंग फी निराळी. रोख भाव किती आणि हप्त्यांची एकूण बेरीज किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून बघा.

त्यापेक्षा टप्पे पाडा. पहिल्या टप्प्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, ८ जीबीची एक पट्टी, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, कीबोर्ड आणि माऊस. मॉनिटर लगेच नको, घरातला टीव्ही एचडीएमआय वायरने जोडा. दुसऱ्या टप्प्यात रॅमची दुसरी पट्टी आणि मॉनिटर. खरंच गरज वाटली तर ग्राफिक्स कार्ड तिसऱ्या टप्प्यात. सगळे समान रक्कम भरतात आणि आळीपाळीने उचलतात अशी साधी भिशी असेल, तर तिचा नंबर पहिल्या टप्प्याला कामी येतो. लिलावाच्या भिशीत बोली लावून पैसे सोडावे लागतात, तेव्हा ती हिशेबात धरू नका.

वस्तू इचलकरंजीत घ्या, कोल्हापुरात घ्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा, प्रत्येक भागाचं जीएसटी बिल घ्या. वॉरंटी प्रत्येक भागाची वेगवेगळी असते आणि बिलाशिवाय ती मागताना वाद होतात.

सॉफ्टवेअर

‘क्रॅक’ केलेले गेम आणि ऑफिस यांतून व्हायरस घरात येतात, शिवाय ती चोरीच आहे. लिब्रे ऑफिस मोफत आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि उर्दूसाठी लागणारा कीबोर्ड, दोन्ही विंडोजमध्येच मिळतात. सेटिंगमधून भाषा जोडायची, बस्स.

आणि एक शेवटचं. सेट मुलांच्या खोलीत नको, बैठकीच्या खोलीत ठेवा. जोडणीच्या दिवशी मुलाला नि मुलीलाही शेजारी बसवा. कुठला भाग कशासाठी आहे हे त्यांना कळलं, तर पुढे पंखा साफ करायला आणि रॅम बदलायला दुकानात जावं लागणार नाही.